खाली अंत्यविधीवाले, वर आम्ही दोघी

मोरकॅम, ४ नोव्हेंबर

क्लाइव्ह,

हो, तुझी बायको माझ्याकडे आहे. पोलिसांना फोन करणं आता थांबव. लिनेटने कालच त्यांना स्वतः सांगितलं, की मी हरवलेली नाही, मी निघून आलेय. फोनवर पलीकडचा पोलीस पोरगा म्हणे हसू दाबत होता.

मला फोन करू नकोस. तुझा नंबर मी बंद केलाय. बोलायचं असेल तर लिही. लिहिताना माणूस ओरडू शकत नाही, एवढा तरी फायदा.

सख्ख्या बहिणीने माझ्या बायकोला फितवलं, असं तू जगाला सांगत फिरतोयस असं कळलं. तर नीट ऐक. माझं पॅडिहॅमचं घर रिकामं करायचा दिवस होता. सामानाची गाडी दारात उभी. लिनेट कपबश्या कागदात गुंडाळायला आली होती. शेवटची पेटी चढली, मी दार ओढून घेतलं, तर ही बाई फुटपाथवर एक बॅग घेऊन उभी. म्हणाली, “नोरीन, गाडीत जागा आहे का?” मी म्हटलं, “कपाटाला आहे, तर तुला का नसेल?” एवढंच बोलणं झालं. तिला गाडी लागते, म्हणून सगळा रस्ता खिडकी उघडी ठेवून आम्ही गारठत आलो. तू तेव्हा गॅरेजमध्ये होतास. नेहमीसारखाच.

का आली, हे तुला खरंच कळत नाही? तिच्या मावशीने मरताना पैसे तिच्या नावावर ठेवले. तुझ्या नाही, तिच्या. आणि तू तिला न विचारता त्या पैशांवर ते चाकांवरचं फिरतं घर ठरवून आलास. जिला बसने बाजारात जाताना मळमळतं, तिला तू स्कॉटलंडभर फिरवणार होतास!

आता आम्ही दोघी मिळून इथे घर घेतोय. माझ्या घराचे पैसे आणि तिच्या मावशीचे. समुद्राला लागून एका रांगेतलं घर आहे, मिस्टर पास्को नावाच्या गृहस्थांचं. ते केंडलमधल्या एका फ्लॅटमध्ये जाणार. त्या फ्लॅटमधलं जोडपं एका म्हातारीच्या घरात जाणार. आणि म्हातारी लेकाकडे जायचं की नाही ते ठरवतेय. एकाचं घर दुसऱ्याच्या पायात अडकलेलं. सगळ्यांच्या सह्या एकाच दिवशी होत नाहीत तोवर कुणीही उठून ‘नको’ म्हणू शकतं. तोवर आम्ही भाड्याने राहतो. खाली मिस्टर टॅटरसॉल यांचं अंत्यविधीचं दुकान, वर आम्ही. खालच्यांचा काही आवाज नसतो.

भाडं स्वस्त आहे, जागा छान आहे. काळजी नसावी.

नोरीन


मोरकॅम, १२ डिसेंबर

क्लाइव्ह,

तुझं पत्र आलं. चार पानं, आणि त्यात ‘मी तिच्यावर कधी हात उगारला नाही’ हे तीनदा. नाही उगारलास. कुणी म्हटलं की उगारलास? पण घरातला हीटर किती वाजता लागणार, लोणचं कुठलं येणार, टीव्हीवर काय बघणार, दिवा कुणी बंद करायचा, हे सगळं तूच ठरवलंस. इतकी वर्षं. हात उगारायची तुला गरजच पडली नाही.

‘तिला दोन जॅममधला एक निवडता येत नाही, ती घर काय निवडणार’ असं तू लिहिलंयस. तुझ्या घरात जॅमची दुसरी बाटली आली कधी होती, ते सांग आधी.

मढ्यांच्या डोक्यावर राहताय, लाज वाटत नाही का, असंही विचारलंयस. नाही वाटत. इथे थंडी मुळीच नाही. (बॉयलर बंद आहे, पण तो मिस्टर टॅटरसॉल दुरुस्त करणार आहेत.) रात्री सरपटल्यासारखा जो आवाज येतो तो पाण्याच्या नळीचा आहे, हे आम्ही दोघींनी मिळून खाली उतरून, हातात इस्त्री घेऊन, शोधून काढलं. इस्त्री लिनेटच्या हातात होती. मी मागे होते.

तिचं आणखी एक सांगते, म्हणजे तुझी झोप उडेल. मागच्या आठवड्यात खाली एक बाई आल्या होत्या. नवरा सकाळीच गेलेला. टॅटरसॉल फोनवर, मदतनीस बाई आजारी. लिनेट पायऱ्यांवरून बघत होती. बघता बघता वर आली, किटली ठेवली, आणि ट्रे घेऊन खाली गेली. तासाभराने परत आली. मी विचारलं, काय बोललीस एवढं? म्हणाली, “काही नाही. त्या बोलल्या.”

दुसऱ्या दिवशी टॅटरसॉल स्वतः वर आले. अंगात काळा सूट, हातात बॉयलरचा पाना.

“मिसेस ऑर्मरॉड, रोज खाली यायला जमेल का? पगार देईन.”

“मी फक्त चहा दिला,” लिनेट म्हणाली.

“चहा सगळेच देतात. देऊन गप्प बसता येत नाही लोकांना.”

आता ती रोज जाते. राखाडी कोट घालते. तुझ्या घरात गप्प बसायची सवय लागली होती, तिचे आता पैसे मिळतात. बघ, तुझंही काही श्रेय आहे.

फिरतं घर रद्द केलंस, तो निरोप तिला सांग म्हणालास. मी सांगितलेला नाही. सांगणारही नाही. नुकती कुठे ताठ बसायला लागलीय ती.

नोरीन

ता.क. नाताळला इकडे येऊ नकोस. आम्ही बदक भाजणार आहोत, दोघींपुरतंच आहे.


मोरकॅम, २७ जानेवारी

क्लाइव्ह,

आज मात्र मी लिहिताना ओरडतेय असं समजून वाच.

घराच्या एजंटला तू फोन केलास. म्हणालास की हा पैसा घरगुती भांडणातला आहे, बाईचं डोकं ठिकाणावर नाही, व्यवहार पुढे गेला तर कोर्टात भेटू. तुला वाटलं आम्हाला कळणार नाही? एजंटचा आवाज एकदम गोड झाला, तेव्हाच मी ओळखलं. “फक्त खबरदारी म्हणून” म्हणे पास्कोंचं घर आणखी एका कुटुंबाला दाखवणार होते.

मी छत्री उचलली आणि थेट पास्कोंकडे गेले. असं करायचं नसतं. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापसात बोलायचं नसतं, सगळं एजंट आणि वकील यांच्यामार्फत. मी बेल वाजवली. ते सपाता घालून आले. हातात टोस्ट.

“तुमच्या भावाचा मलाही फोन आला होता,” दार उघडताच म्हणाले.

“काय म्हणाला?”

“की तुमच्या भावजयीचं डोकं फिरलंय.”

“मग तुम्ही?”

“मी म्हटलं, तिने माझ्या घराची किंमत खाली आणली तेव्हा मी समोरच होतो. माझं फिरलं, तिचं नाही.”

आणि मला आत बोलावून अर्धा टोस्ट दिला. त्यांनाही केंडलला जायची घाई आहे, मुलगी तिकडे आहे. ती म्हातारी मात्र अजून हो-नाही करतेय. मंगळवारी हो, गुरुवारी नाही. शुक्रवारी तिला कुणी विचारतच नाही. पास्को म्हणाले, “तुम्ही थांबणार असाल तर मी थांबतो.” मी म्हटलं, आम्ही थांबतो. हात मिळवला. कायद्यात त्या हाताला काही किंमत नाही म्हणतात. नसू दे.

म्हणजे तुझा डाव फुकट गेला. पुन्हा केलास तर मी पॅडिहॅमला येईन, आणि तुझ्या बोलिंग क्लबच्या सगळ्या मंडळींसमोर येईन.

लिनेटला यातलं काही सांगितलं नाही. तिला कशाला त्रास. तिचं मी बघते. घरात मागची खोली तिला द्यायची ठरवलीय, सकाळचं ऊन येतं तिथे. तिच्यासाठी पडद्यांचं कापडही मी घेऊन ठेवलंय. आणि हो, मी तिला गाडी शिकवतेय. अर्ध्या पॅडिहॅमला मी गाडी शिकवली, पण माझ्याच भावजयीला नाही, कारण घरात दोन ड्रायव्हर कशाला असं तुझं म्हणणं. स्वतः चालवताना तिला मुळीच मळमळत नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

नोरीन


मोरकॅम, १० मार्च

क्लाइव्ह,

तू येऊन गेलास, त्याला आज पाच दिवस झाले. काय झालं ते तुला ठाऊकच आहे, पण तू खुर्चीत होतास आणि मी जिन्यावर. जिन्यावरून जरा जास्त दिसलं.

वरच्या बिऱ्हाडाचं दार बाजूला आहे. तू पुढचं ढकललंस, दुकानाचं. घंटी वाजली. लिनेट टेबलावरून उठली आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते तसं, “या, बसा,” म्हणाली. मग तिने वर बघितलं. तूच आहेस हे तिला कळलं. मला वाटलं होतं ती आता मागे सरेल. आवाजसुद्धा बदलला नाही.

“बस. चहा घेणार?”

तू बसलास. तू, क्लाइव्ह, कुणी सांगितलं म्हणून बसलास! मी कठडा घट्ट धरला.

चहा आला. तू साखर मागितलीस. तिने डबा तुझ्याकडे सरकवला. घातली नाही, ढवळली नाही. तू त्या चमच्याकडे बघत राहिलास, तेव्हा तुला पहिल्यांदा कळलं असावं.

“ते फिरतं घर मी केव्हाच रद्द केलं,” तू म्हणालास. “नाताळच्या आधीच. नोरीनने सांगितलं असेल ना?”

लिनेटने जिन्याकडे बघितलं. मी अंधारात होते, तरी माझ्याकडेच बघितलं.

“नाही,” ती म्हणाली.

“मग आता चल.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? घरी.”

“चार वाजता एक कुटुंब येणार आहे, क्लाइव्ह. लहान मुलीचं आहे. मला तयारी करायची आहे.”

तू आणखी बराच वेळ बसलास. ती बोलली नाही. तूही बोलला नाहीस, आणि ते तुझ्याकडून मी पहिल्यांदाच ऐकलं. जाताना तुझे डोळे भरले होते. ते मी बघितलं नाही असं समज.

दार बंद झालं. ती वर आली. कोट काढला नाही.

“आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?”

सगळं सांगितलं. एजंटला तू केलेला फोन, पास्कोंकडचं माझं जाणं, सगळं. ती ऐकून घेऊन पुन्हा खाली गेली. त्यानंतर दोन दिवस आमच्यात ‘मीठ दे’ एवढंच बोलणं झालं. रविवारी मी गाडीची किल्ली दाखवली, तर म्हणाली, नको, टॅटरसॉलचा ड्रायव्हर शिकवतो मला आता. तो आरडाओरडा करत नाही म्हणे. शवपेटीची गाडी चालवणारा माणूस आरडाओरडा कशाला करेल! त्याला घाई कसली?

माझं चुकलं असं मला वाटत नाही. हे तुला लिहितेय, तिला नाही.

नोरीन


मोरकॅम, २ मे

क्लाइव्ह,

म्हातारीने ठरवलं. लेकाकडे जाते म्हणाली. लगेच सगळी साखळी धडधडत हलली. वकिलाचे फोन, एजंटचे फोन, पास्कोंनी तर पडदे उतरवलेसुद्धा. येत्या शुक्रवारी सगळ्यांच्या सह्या.

आणि काल लिनेट म्हणाली, “मी सही करणार नाही.”

मी बटाटे सोलत होते. सुरी खाली ठेवली.

“म्हणजे?”

“मला ते घर नको.”

“आता? अगं, चार घरं अडकतील! पास्कोंनी पडदे काढलेत!”

“माहीत आहे.”

“मग इतके महिने काय करत होतीस?”

“तू सांगत होतीस, मी करत होते.” ती रागावलेली नव्हती, तेच जास्त झोंबलं. “घर तू बघितलंस. मागची खोली माझी, हे तू ठरवलंस. मला समोरची आवडली होती. पडद्यांवर ती पिवळी फुलं आहेत, नोरीन. मला विचारलंस का?”

“किंमत तर तूच पाडलीस!”

“तूच म्हणालीस पाड, म्हणून. तेवढं मात्र मजेचं होतं.”

“मग तुला हवंय तरी काय?”

“इथेच राहायचंय.”

“इथे? मढ्यांच्या डोक्यावर?”

तोंडातून निघून गेलं. तुझा शब्द. बाई हसली.

“माझं काम खाली आहे. खिडकीतून बाजार दिसतो. जिना माझा मी झाडते. आणि टॅटरसॉल वर्षाचा करार माझ्या नावाने करायला तयार आहेत. एकटीच्या.” मग म्हणाली, “गाडीत तू शेजारी बसायचीस ना, तेव्हा तुझा पाय सारखा शिकवणाऱ्याच्या जादा ब्रेकवर असायचा. घरात क्लाइव्हचाही असायचा. मला तुम्ही दोघंही आवडता. पण मला आता तुमच्यापैकी कुणी शेजारी नकोय.”

माझ्यावर अशी वेळ आली की लिहायला तुझ्याशिवाय कुणी नाही. बघ, काय दैव. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तिला ओळखणारं दुसरं कुणी मला माहीत नाही, म्हणून लिहिते. मी तिच्यासाठी घर मोडलं नाही हे खरं, पण सहा महिने बंद बॉयलरच्या खोलीत मी कुणासाठी राहिले? एवढं केलं मी तिच्यासाठी, आणि तिने

हे वाक्य तुझ्या प्रत्येक पत्रात आहे. आत्ता लिहिताना दिसलं. खोडत नाही. राहू दे तसंच, तूही बघ कसं दिसतं ते.

शुक्रवारचं काय होणार, मला माहीत नाही. पास्कोंना तोंड कसं दाखवू, तेही माहीत नाही. पण मी तिला सही करायला लावणार नाही. बाकी जगात कुणी काही म्हणो, एक ऑर्मरॉड तरी असा निघाला पाहिजे जो तिला काहीतरी करायला लावत नाही.

नोरीन


मोरकॅम, २३ जून

क्लाइव्ह,

पाकिटावरचा पत्ता बदललाय, बघितलास का? मी नव्या घरात आहे. एकटी. पेट्या अजून तशाच आहेत, त्यातल्या एकीवर बसून लिहितेय.

सह्यांच्या आदल्या दिवशी सकाळी लिनेट माझ्या खोलीत आली. कामाला जाताना घालते तो कोट अंगात, हातात कागद. टॅटरसॉलच्या दुकानातल्या बाईसारखीच बोलली, म्हणजे स्वतःसारखी.

“घर तू घे. कमी पडतात तेवढे मी उसने देते.”

“उसने? मला?”

“व्याजाने.”

“व्याजाने! लिनेट ऑर्मरॉड, लाज नाही वाटत?”

“बँकेपेक्षा कमी आहे. बँकेत जाऊन बघ, तुझ्या वयाला ते दारात उभं करत नाहीत.” मग तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. वकिलाकडून तपासून आणलेला होता. मला न सांगता.

मी अशी चिडले, की काय सांगू. आणि अर्ध्या तासाने असं हसू फुटलं की खाली टॅटरसॉल जिन्यापाशी येऊन काही झालं का विचारून गेले. बिचाऱ्यांकडे तेव्हा गिऱ्हाईक बसलेलं होतं.

वकिलाने दातओठ खात माझ्या एकटीच्या नावाचे कागद केले. त्यात सहीचा शुक्रवार गेला, दोन आठवडे आणखी लागले. एजंट म्हणाले, आता साखळीतली वरची मंडळी थांबणार नाहीत. पास्कोंनी एकेकाला फोन केला, त्या म्हातारीलासुद्धा. ती म्हणाली, “मी सगळ्यांना थांबवलं तेव्हा ही बाई थांबली होती ना? मग मीही थांबते.” तो सपाता घातलेल्या माणसाशी मिळवलेला हात बघ किती वर गेला.

घर बदलायच्या दिवशी लिनेट आली, कपबश्या कागदातून काढल्या, आणि संध्याकाळी आपल्या घरी गेली. हो, आपल्या घरी. बिऱ्हाडाच्या दारावर तिच्या नावाची पट्टी लावलीय, फक्त ‘एल. ऑर्मरॉड’. काल मी तिच्याकडे जेवायला गेले. दार उघडंच असेल म्हणून ढकललं. कुलूप होतं. बेल वाजवून उभी राहिले. ती आली, ओल्या हातांनी, आणि म्हणाली, “थांब, मासा करपेल,” आणि मला दारातच सोडून पुन्हा आत पळाली. मी उभी राहिले, क्लाइव्ह. मुकाट्याने.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितोस, की ‘आता ती तुझ्याजवळ नाही, म्हणजे तुलाही कळलं असेल ती कशी आहे. आपण भाऊ-बहीण एक होऊ, तू तिला एकदा समजावून सांग.’ नाही. पहिली गोष्ट, मला कळलं ती कशी आहे, आणि मला ती आवडते, व्याजासकट. दुसरी गोष्ट, मी यापुढे कुणाचे निरोप नेणार नाही. तुझे तिला नाही, तिचे तुला नाही. जे नेले नाहीत त्यांनी केवढा घोळ झाला ते आपण बघितलं, आणि नेले असते तरी तोच झाला असता. तुला तिच्याशी बोलायचं असेल तर तिला लिही. ती उत्तर देईल किंवा देणार नाही. मला विचारू नकोस काय करेल. मला खरंच माहीत नाही, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाबद्दल लिहितेय.

पण सगळी पत्रं मी काल काढून बघितली. तुझी आणि मला आठवतात तेवढी माझी. नोव्हेंबरपासून आपण एकमेकांना लिहितोय, आणि एकदाही कुणी ‘कसा आहेस’, ‘कशी आहेस’ विचारलेलं नाही. सगळी तिच्याबद्दल. जणू आपल्या दोघांत तिच्याशिवाय काही नव्हतंच.

म्हणून आता मी विचारते. मार्चमध्ये दुकानातून बाहेर पडताना तू डावा पाय ओढत होतास. मी तेव्हा लिहिलं नाही. काय झालंय त्या गुडघ्याला? डॉक्टरकडे गेलास का, की स्वतःच ठरवलंस काही नाही म्हणून? जेवतोस काय? डबाबंद सूप रोज खाऊ नकोस, बाबांना त्याच मिठाने त्रास झाला होता. बागेत बीन्स लावल्यास का या वर्षी? हे लिही. उत्तरात लिनेटचं नाव आलं तर मी पत्र तिथेच मिटून ठेवीन, पुढचं वाचणार नाही, सांगून ठेवते.

आणि यायचं असलं तर ये. समोरची खोली रिकामी आहे. त्या गुडघ्याने गाडी चालवू नकोस, आगगाडीने ये. स्टेशनातून बाहेर पडलास की आधी सरळ समुद्रावर जा, मग कडेकडेने चालत ये. गावातून रस्ता जवळचा आहे, पण त्या रस्त्यावर तिचं दार आहे, आणि त्या दारावरून तू जायचं नाहीस. समुद्राकडून लांब पडेल.

पडू दे.

तुझी बहीण,
नोरीन